गुरुवारचा अर्ज

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आणि त्या माणसापासून मी आजवर गुळाचा डबासुद्धा लपवू शकलेले नाही, म्हणजे बघा. आईला कधी सांगितली नाही. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर उलटंच सांगितलं. धडधडीत उलटं. ते पुढे येईलच. आज बोलते तसंच लिहायला बसलेय खरी, पण मला मध्ये अडवू नका हं — मी एकदा थांबले की चहा टाकायच्या निमित्ताने उठेन, आणि मग पुन्हा काही वर्षं गेली म्हणून समजा.

कुठून सुरू करू? ऑफिसपासून करते. ऑफिसचं सांगायला सोपं जातं.

नाशिकला भूसंपादनाचं एक कार्यालय होतं, तिथे मी आवक-जावक लिपिक होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. मी त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा, रजिस्टरात एक ओळ लिहायची आणि मग तो आत साहेबांकडे जायचा. काम हे एवढंच. पण गंमत अशी की माझ्या रजिस्टरात ओळ पडेपर्यंत तो कागद सरकारच्या लेखी जन्मालाच आलेला नसायचा. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी मी! मला त्या शिक्क्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू.

तेव्हा रेल्वेचं काम जोरात होतं. लासलगावच्या अलीकडे एक लहानसं स्टेशन आहे — गावाचं नाव नाही सांगत — तिथे कांदा भरायला वॅगन उभ्या राहतील अशी जादा लाइन टाकायची होती. सायडिंग म्हणतात तिला. आता रेल्वेला जमीन लागते म्हटल्यावर सरकार ती घेतं, त्यात मालकाला विचारायचा प्रश्न नसतो. नकाशावर लाल रेघ ओढली जाते, रेघेच्या आत जे आलं ते गेलं. मालकाच्या हातात एकच गोष्ट उरते. नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत हरकतीचा अर्ज द्यायचा. तीस म्हणजे तीस. एकतिसाव्या दिवशी आलेल्या अर्जावर साहेब एकच शब्द लिहायचे, मुदतबाह्य. आणि तो तिसावा दिवस कुठला, एकतिसावा कुठला, हे ठरायचं माझ्या शिक्क्यावरून.

तर त्या लाल रेघेच्या आत गऊमावशीची विहीर आली.

गऊमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. दादा रेल्वेत गँगमन होते. रुळांची देखभाल करणारी टोळी असते, तिच्यातले. मी शाळेत असताना चार वर्षं त्यांची टोळी त्याच स्टेशनावर होती. आम्ही सगळे नाशिकरोडला आणि ते तिकडे एकटे. त्या चार वर्षांत दादांनी रोज सकाळची भाकरी गऊमावशीच्या घरची खाल्ली. आपल्याच समाजाचं घर, स्टेशनामागच्या वस्तीतलं. ती दादांना भाऊ म्हणायची. सुट्टीला दादा आले की त्यांच्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे नाहीतर भुईमुगाच्या शेंगा असायच्याच, आणि घरात पाऊल टाकताच म्हणायचे, "गऊबाईनं पोरांला धाडल्यात." मी तिला लहानपणी दोनदा पाहिलं असेल. उंच, काटक, कपाळभर गोंदण आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या फलाटावरून हाक मारली तर गाडी थांबावी.

आता विहिरीचं ऐका. वतनातली दीड एकर जमीन तिच्या वाट्याला आलेली, रुळाला लागून. वस्तीला पाण्याचे हाल होते. गावची विहीर होती की — आणि कायद्याने कुणी कुणाला अडवायचं नाही, हेही कधीच ठरलं होतं. पण कायदा काय काठावर येऊन दोर धरतो? वस्तीतल्या बायका कळश्या घेऊन लांब बसून राहायच्या. कुणाला वेळ मिळाला, कुणाला दया आली, की वरून ओतायचे. दुष्काळात वस्तीतली माणसं दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, आणि परत आल्यावर गऊमावशीच्या रानात विहीर खणायची. तिचा नवरा सगळ्यांत पुढे. आख्ख्या गावाचं पाणी आटलेलं आणि ह्यांना खडकात झरा लागला! दादा सांगायचे, पहिली बादली वर आली तर गऊबाई ते पाणी प्यायलीच नाही, नुसती तोंडाला लावत राहिली. पुढच्याच उन्हाळ्यात तिचा नवरा गेला. विहीर राहिली.

त्या विहिरीसाठी ती माझ्या टेबलापाशी आली.

गुरुवार होता. मुदत शनिवारी संपणार होती. दुपारची जेवणाची वेळ, आम्ही तिघी बायका माझ्याच टेबलावर डबे उघडून बसलेलो. विमलताई टायपिस्ट, दुसरी रेकॉर्डमधली एक आणि मी. आता इथे मला एक सांगायला हवं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या आडनावावरून माझी जात ओळखू यायची नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दोघींनी मला त्यांच्यातलीच धरलं, निदान मला तसं वाटत होतं, आणि मी ते तसंच चालू दिलं. रोज एकमेकींच्या डब्यातली भाजी खायची, विमलताईच्या घरी हळदीकुंकवाला जायचं. गोड वाटायचं हो! खोटं कशाला बोलू? चौदा एप्रिलला मी घरी पांढरी साडी नेसून वस्तीतल्या मिरवणुकीत पुढे, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात विमलताईने विचारलं, सुट्टीत काय केलंस गं, तर मी म्हटलं, काही नाही, लोळले.

आणि त्या दिवशी दारातून तो खणखणीत आवाज आला.

"जय भीम, पोरी! वळखलं का? तुझ्या बापाची गऊबाई!"

सगळ्या ऑफिसने ऐकलं. डोक्यावर डहाळ्यांचा भारा, पायांत धूळ, आणि तोंडभर हसू. नाशिकसारख्या शहरात, सरकारी ऑफिसात, खुर्चीवर तिला आपली पोर दिसली होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. अभिमान म्हणू? माझ्या आईच्या डोळ्यांत सुद्धा माझ्यासाठी तसं काही मी पाहिलं नाही.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "नमस्कार. काय काम आहे?"

अजून ऐकू येतं ते मला, माझ्याच आवाजात.

तिने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. मग कनवटीचा कागद काढला. गावच्या मास्तरांनी लिहून दिलेला हरकतीचा अर्ज, खाली तिचा अंगठा. मी उभ्या उभ्या वाचला. तिला जमिनीचा मोबदला वाढवून नको होता. जमीन घ्या, असं लिहिलं होतं, फक्त रेघ वीस पावलं सरकवा आणि वस्तीची विहीर तेवढी बाहेर ठेवा. तिने विचारलं, शिक्का मारून पोच देतेस का, मास्तरांनी आणायला सांगितलीय. पोच द्यायची म्हणजे डबे बाजूला सारायचे, रजिस्टर उघडायचं, तिला समोर पाच मिनिटं उभं करायचं. त्या पाच मिनिटांत ती आणखी काय काय बोलली असती! माझ्या दादांचं, वस्तीचं, बाबासाहेबांच्या फोटोचं. मी म्हटलं, पोच पोस्टाने येईल, तुम्ही निघा, तुमची गाडी चुकेल. अर्ज घेतला आणि खणात टाकला. डबा उघडा होता ना — हात खरकटा होता ना — असं तेव्हा मनाला सांगितलं. हात खरकटा होता हे खरंच आहे. पण हात धुवायला कितीसा वेळ लागतो?

ती डहाळ्यांचा भारा टेबलाशेजारी ठेवून गेली. विमलताई म्हणाली, कोण गं ती? मी म्हटलं, वडिलांच्या ओळखीची आहे कुणीतरी. आणि आम्ही तिघींनी डबे संपवल्यावर तेच डहाळे सोलून खाल्ले.

शुक्रवार-शनिवार माझी रजा होती. शुक्रवारी मला बघायला मंडळी येणार होती. त्या मंडळींतला तो मुलगा म्हणजेच माझा नवरा, आणि तो शुक्रवार आमच्या घरी अजून कौतुकाने आठवला जातो. मी त्या आठवणीत सामील होते, हसते. त्या दिवशी साडी कुठली नेसू, पोहे कुणी करायचे, ह्यात माझ्या डोक्यात खणातला अर्ज एकदाही आला नाही. एकदाही नाही.

सोमवारी खण उघडला, तर वरच तो अर्ज. मुदत शनिवारीच संपली होती. रजिस्टर बघितलं, तर शुक्रवार-शनिवारच्या ओळी माझ्या जागी बसलेल्या लिपिकाने भरलेल्या, एकाखाली एक, नंबर सलग. गुरुवारची ओळ मध्ये घुसवायला सुईएवढी जागा नाही. आता मार्ग एकच होता. आत जायचं आणि साहेबांना सांगायचं, की अर्ज गुरुवारी आला, नोंद करायची माझी राहिली. आमचे साहेब तसे भले माणूस. माझी लेखी खुलाशावर सुटका झाली असती, फार तर एखादा शेरा बसला असता. पण ते विचारणार, गुरुवारी का नाही केली नोंद? आणि विमलताई शेजारी टाइप करत बसलेली असणार. मी काय सांगणार होते?

मी सोमवारचा शिक्का मारला. सोमवारची ओळ लिहिली. माझं अक्षर तेव्हा फार सुबक होतं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी पोर. म्हणू नका. ह्याच्या पुढे जे झालं ते घाबरून झालेलं नाही, ते मी पुरतं शुद्धीवर असताना केलंय.

महिन्याभराने हरकतींची सुनावणी लागली. त्याच गावच्या एकाची कांद्याची चाळ रेघेत येत होती, त्याला बोलावणं होतं. गऊमावशीला नव्हतं, पण गावात कळलं म्हणून तीही आली. दारातच तिची-माझी गाठ पडली. विमलताई माझ्याबरोबर होती. मी मनात म्हटलं, आता ही ओरडणार. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा विमलताईकडे, आणि दोन्ही हात जोडून हळू आवाजात म्हणाली, "नमस्कार, बाईसाहेब."

बाईसाहेब! माझ्या बापाला भाकरी घालणारी बाई.

साहेबांनी तिला आत बोलावलं. मला रजिस्टर घेऊन बोलावलं. चाळवाल्याचा अर्ज वेळेत आला होता, आणि रेल्वेच्या इंजिनियरने त्याच्या चाळीसाठी रेघ जरा वाकवायचं कबूल केलं होतं. हे माझ्या देखत झालं. मग साहेब गऊमावशीला म्हणाले, "आजी, तुमचंही बघता आलं असतं हो. वीस पावलांचा तर प्रश्न होता. पण अर्ज सोमवारी आलाय, मुदत उलटून गेल्यावर. कधी दिला होतात तुम्ही?"

सगळं इथे होतं, बघा. ती म्हणाली असती गुरुवार, तर साहेबांनी माझ्याकडे बघितलं असतं. मी रजिस्टराच्या ओळींकडे बघत उभी होते. तिची नजर माझ्यावर आहे हे मला मान न उचलता कळत होतं. मग ती म्हणाली, "ध्यानात नाय साहेब. म्हातारं माणूस मी. आसंल सोमवार."

मला काय वाटलं असेल? लाज? छे! मला हायसं वाटलं. मी मनात म्हटलं, सुटले, हिला आठवतच नाही. आणि पुढची आठ वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले, की हिला आठवतच नाही.

जमीन गेली. रेल्वेने हद्दीचे दगड रोवले, तारेचं कुंपण घातलं, पाटी लावली. स्टेशनमास्तर माणुसकीचा होता, त्याने काही महिने बायकांना तारेखालून वाकून पाणी नेऊ दिलं. मग काम सुरू झालं, आणि विहीर धोक्याची म्हणून मुरूम-खडी टाकून बुजवली. ती खडी दुष्काळात वस्तीतल्याच माणसांनी फोडलेली होती, असं दादा म्हणायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण सायडिंग मी नंतर पाहिली. रूळ जिथे संपतात तिथून विहिरीची जागा बारा-पंधरा पावलं पुढे आहे. तिथे आज गवत आहे, बाभळी आहेत, दुसरं काहीही नाही. बायका पुन्हा दोन मैलांवर गावच्या विहिरीपाशी, कळश्या घेऊन, लांब बसायला.

दादांनी विचारलं होतं. जेवताना, सरळ विचारलं, "गऊबाईचं काम झालं का गं? तू आहेस म्हणून मी निर्धास्त होतो." मी ताटात बघत म्हटलं, "उशीर केला त्यांनी. मुदत उलटल्यावर आल्या. मी तरी काय करणार?"

हे मी बोलले. मघाशी म्हटलं ना, उलटं सांगितलं — ते हे.

दादा पुढच्याच रविवारी तडक तिकडे गेले आणि वस्तीत चार माणसांसमोर तिला बोलले. एवढा कसा गं आळस केलास, दोन दिवस आधी निघाली असतीस तर विहीर वाचली असती, माझी पोरगी तिथं बसलेली होती. ती काय म्हणाली, मी दादांना विचारलं. म्हणाले, काही नाही, खाली मान घालून ऐकून घेतलं, मग म्हणाली, भाऊ, भाकर खाऊन जा. त्या दिवसापासून आख्ख्या वस्तीत ते ठरून गेलं. म्हातारीने उशीर केला म्हणून पाणी गेलं.

माझ्या लग्नाला ती आली. आहेर काय आणला असेल? पितळेची कळशी. तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेली. म्हणाली, एवढी जड कळशी घेऊन आता गावातनं लांब चालवत नाय पोरी, जवळ पाणी होतं तवा ठीक व्हतं, तुझ्या घरात नळ हाय, तू वापर. ती कळशी माझ्या स्वयंपाकघरात आहे. दर दसऱ्याला मी ती चिंचेने घासते. मोलकरणीला हात लावू देत नाही, आणि नवरा म्हणतो, काय तुझं ते कळशीचं खूळ!

एक गोष्ट राहिली. बऱ्याच वर्षांनी विमलताई निवृत्त होताना आम्ही दोघी बोलत बसलो होतो, आणि मी तिला भीत भीत म्हटलं, ताई, तुम्हाला एक सांगायचंय, मी बौद्ध आहे. ती हसायलाच लागली. म्हणाली, अगं वेडे, तुझ्या नेमणुकीची ऑर्डर मीच टाइप केली होती ना! राखीव जागा असं त्यात लिहिलेलंच होतं. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तू बोलत नव्हतीस म्हणून आम्ही बोललो नाही. मी घरी आले आणि मोरीत बसून रडले. म्हणजे कुणापासून लपवत होते मी? कशासाठी बुजली ती विहीर?

असो. तो राग विमलताईवर काढून काय उपयोग.

शेवटचं गऊमावशीला भेटले ते चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास. मनमाडला नात्यातल्या लग्नाला गेले होते, येताना पॅसेंजरने त्या स्टेशनावर उतरले. का उतरले? सांगायचं ठरवून उतरले होते, खरंच सांगते. डब्यात सगळं घोकून ठेवलं होतं. ती अंगणात बसलेली, पार वाकलेली, पण मला बघून तसंच तोंडभर हसली. तिची सून चहा टाकायला लागली आणि बोलता बोलता म्हणाली, ताई, दोन मैलांवरनं पाणी आणावं लागतं बघा, काय करता, आमच्या आत्याबाईंनी तवा उशीर केला नसता तर दारात विहीर असती. सहज म्हणाली, भांडी सरळ करता करता. रोज म्हणत असणार. आणि म्हातारी तशीच हसत म्हणाली, "व्हय बाई, झाला खरा मला उशीर."

माझ्या हातात कप होता. दोन मैलांवरून आणलेल्या पाण्याचा चहा. मी तो प्यायले. आता बोल, आता बोल असं मनात चाललेलं असताना बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

ती मला स्टेशनापर्यंत सोडायला आली. काठी टेकत, सायडिंगच्या कडेने. बाभळींपाशी आल्यावर थांबली. आजूबाजूला कुणी नव्हतं. माझ्या गालावर हात ठेवला तिने, खरखरीत हात, आणि म्हणाली, "त्या दिसी गुरवार व्हता, पोरी. आमच्या शेजारच्या गावचा बाजार चुकवून आल्ते मी, मला कसं ध्यानात नसंल?"

मी काही बोलणार, तर तिनेच माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तुझ्या बापाला नाय सांगितलं मी. कुणालाच नाय. तुझी खुर्ची गेली असती गं. किती पिढ्यांनी आपली एक पोर खुर्चीवर बसलेली बघितली व्हती मी. विहीर काय, एक खंदली तशी दुसरी खंदू, आसं म्हन्लं." आणि मग हळूच, इकडे तिकडे बघून, "जय भीम, पोरी."

इकडे तिकडे बघून! माझ्यासाठी. माझी लाज राखायला ती अजूनही इकडे तिकडे बघत होती, आपल्याच गावात, आपल्याच गेलेल्या रानात.

मी रडले, तिच्या गळ्यात पडले, जय भीम म्हटलं. माफी मागितली नाही. गाडी आली म्हणून म्हणा. मला वाटलं, तिने माफ केलंय, संपलं आता. ती माफी मी गाडीत बसून घरी घेऊन आले, आणि वस्तीत तिच्या नावावर बसलेला तो उशीर तसाच ठेवून आले. हे माझ्या लक्षातही आलं नाही, म्हणजे किती सोयीने लक्षात आलं नाही, बघा.

ती गेल्याचं कळलं ते दोन-तीन वर्षांनी. मी जलदान विधीला गेले. आपल्याकडे माणूस गेल्यावर तो विधी असतो, वंदना होते, मग चार माणसं त्या माणसाबद्दल बोलतात. मंडप भरलेला. दादा नव्हते तेव्हा, आधीच गेले होते, तिच्यावरचा राग मनात ठेवूनच गेले. एक म्हातारे गृहस्थ बोलायला उठले, विहीर खणणाऱ्यांतले. त्यांनी तिचं सगळं सांगितलं, दुष्काळात तिने कुणाकुणाला जेवू घातलं ते, आणि शेवटी प्रेमाने, हसत म्हणाले, "एकच चूक झाली आमच्या गऊबाईची. अर्जाला उशीर केला. पण माफ केलं बाई तुला आम्ही." लोकही हसले, डोळे पुसत हसले.

मग माझं नाव पुकारलं. आमची साहेबीण, नाशिकहून आलीय, दोन शब्द बोलेल. त्या वेळी मी मोठ्या हुद्द्यावर होते. मी उठले. समोर ती सगळी माणसं, पाण्याला दोन मैल जाणारी, आणि तिची सून अगदी पुढे बसलेली. आता खुर्ची जाण्याची भीती नव्हती. विमलताई नव्हती. दादा नव्हते. एक वाक्य पुरलं असतं.

मी फार छान बोलले. तिच्या भाकरीबद्दल बोलले, कळशीबद्दल बोलले, बायका रडल्या. ते वाक्य बोलले नाही. खाली बसले तेव्हा तिच्या सुनेने माझा हात धरला आणि म्हणाली, ताई, तुम्ही आमच्या आत्याबाईंचा मान राखलात.

आता वस्तीत नळ आले. ते म्हातारे गृहस्थ गेले, सूनही म्हातारी झाली असेल. कुणाला आता त्या विहिरीचं काय? तरी मला ठाऊक आहे, त्या घरात अजून कधीतरी कुणीतरी म्हणत असेल. म्हणून ते एक वाक्य इथे लिहून ठेवते, जिथे उभं राहून बोलायला हवं होतं तिथे नाही, इथे, कागदावर, जे मला पहिल्यापासून जमतं.

अर्ज गुरुवारी आला होता. गऊमावशीला उशीर झाला नव्हता.